सामाईक सातबारा, परळची खोली आणि मृत्युपत्र

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचे वय ७२, राहणे देवगड तालुक्यात. गावात मूळ घर, चुलतभावांबरोबर सामाईक भातशेती आणि वरकस (भाताला न चालणारी हलकी उताराची जमीन), त्या वरकसातल्या एका तुकड्यावर स्वतः लावलेली ६५ हापूस कलमे, १९९४ साली पगारातून घेतलेली २० गुंठे जागा, परळला पागडीची (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली) खोली, बँकेत ठेवी आणि घरात बायकोचे व आईचे मिळून थोडे दागिने. थोरला मुलगा डोंबिवलीला, धाकटा गावात राहून बाग बघतो, मुलगी कणकवलीला दिलेली. "माझ्यामागे भांडण नको. मृत्युपत्र कसे लिहू?"

मजकूर कसा लिहायचा हे सर्वांत शेवटी बघू. कोकणात मृत्युपत्र शब्दांमुळे क्वचितच अडते. लिहिणाऱ्याने जे दिले ते कागदोपत्री त्याचे नसते, किंवा जेवढे दिले तेवढे त्याचे नसते, आणि घोडे तिथे पेंड खाते. म्हणून पहिले पंधरा-वीस दिवस कागद गोळा करण्यात घालवा.

तुमच्या नावाचा ८अ, म्हणजे तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा. त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गटाचा किंवा सर्व्हे-हिस्सा नंबरचा सातबारा काढा, आणि सातबाऱ्यावर जे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक दिसतात त्या सगळ्या फेरफारांच्या नकला घ्या. जुने हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, १९९४ च्या जागेसाठी खरेदीखत आणि सूची २ (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा). मग एका कोऱ्या कागदावर आजोबांपासूनची वंशावळ मांडा, प्रत्येकाच्या मृत्यूच्या वर्षासकट आणि मुलींची नावे न गाळता. वकिलाकडे जाताना ही वंशावळ नेली नाही तर पहिली भेट फुकट जाते.

वंशावळीत बहुतेक घरांत एक जागा दुखरी निघते: बहिणी. वडील गेले तेव्हा वारसनोंदीत बहिणींची नावे लागली का? लागली नसतील तरी त्यांचा हिस्सा बुडत नाही, आणि लागली असतील तर "मला काही नको हो दादा" हे ओटीवरचे बोलणे कायद्यात चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेले असेल तरच हिस्सा सुटतो. ते नसेल तर बहिणींचा हिस्सा वजा करूनच पुढचा हिशेब करा.

आता "वडिलोपार्जित" या शब्दाविषयी. गावात आजोबा-वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला हा शब्द लावतात, आणि "वडिलोपार्जित आहे, त्याचे मृत्युपत्र होत नाही" असे ठासून सांगणारे प्रत्येक वाडीत दोघे-तिघे तरी असतात. दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर वडील वारले आणि त्यांची स्वतंत्र मिळकत वारसाने तुमच्याकडे आली, तर ती तुमच्या हाती तुमची स्वतंत्र मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन प्रकरणापासून हीच भूमिका घेतली आहे. तिच्यात तुमच्या मुलांना जन्मतः हक्क नाही, आणि ती पूर्णपणे मृत्युपत्राने देता येते. मिळकत एकत्र कुटुंबाची, म्हणजे सहदायकी असेल, तर मात्र मुलांना जन्मतः हक्क असतो आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही तो तसाच आहे. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने यातला उरलासुरला संशयही मिटवला. अशा मिळकतीतला स्वतःचा हिस्सा कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो, पण फक्त हिस्सा. तुमच्या घरात हिशेब असा बसतो: तुम्ही, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आपल्याकडे बाप-मुलांत वाटप झाले तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो, म्हणून वाटे पाच. तुमचा एक पंचमांश. "माझी सर्व वडिलोपार्जित जमीन धाकट्यास दिली आहे" असे लिहिलेत तर त्या वाक्याने जाईल तो हा एक पंचमांशच, बाकीच्या चार वाट्यांना धक्का लागणार नाही. तुमची जमीन यांपैकी कोणत्या प्रकारची, हे जुन्या फेरफारांतून आणि मृत्यूच्या वर्षांवरून ठरते. वर्षे लिहायला सांगितली ती यासाठीच.

सामाईक सातबाऱ्याचे दुसरे त्रांगडे म्हणजे वहिवाट. वडिलांच्या पिढीत तोंडी वाटप झालेले असते: वरचा मळा तुमचा, व्हाळाकडचा (ओढ्याकडचा) चुलत्यांचा, अमुक गडग्यापलीकडे (दगडी बांधापलीकडे) तिसऱ्याचा. सातबाऱ्यावर मात्र सगळी नावे एका खाली एक. अशा वेळी मृत्युपत्रात "व्हाळाच्या अलीकडचा मळा" असा तुकडा तोडून देऊ नका. कागदोपत्री तो एकट्याचा नाही आणि चुलतभावांना हरकतीचे कारण आयते मिळते. हिस्सा द्या. जुन्या सातबाऱ्यांवर आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांत मांडलेला प्रत्येकाचा हिस्सा, असते, ती तशीच उतरवा. तिघांत सारखी वाटणी असेल तर ५ आणे ४ पै. मजकूर असा ठेवा: "सदर गटातील माझा सामाईक, अविभक्त ५ आणे ४ पै हिस्सा, आणि पुढे वाटप झाल्यास त्या हिश्श्यापोटी जो तुकडा येईल तो, मी माझा धाकटा मुलगा यास देत आहे. सध्या या हिश्श्यापोटी माझी वहिवाट अमुक चतुःसीमेच्या तुकड्यावर आहे." शेवटचे वाक्य मालकी देत नाही, पण उद्या वाटपाच्या वेळी कोण कुठे कसत होते याची ती लेखी नोंद ठरते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे हयातीतच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेणे. सगळ्या सहधारकांची संमती लागते, आणि ती मिळवणे हेच खरे काम. गणपतीत सगळे एका पडवीत सापडतात, पण नेमकी तेव्हाच कार्यालये बंद असतात. तरी संमती तेव्हा तोंडी ठरवून घ्यावी आणि सह्यांसाठी मे महिन्यातली तारीख पक्की करावी, आंबे काढायला तसेही सगळे येतात. वाटपानंतर पोटहिस्सा मोजणी करून घ्या. तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) तुमच्या जमिनीच्या प्रकाराला किती आहे ते आधी विचारा. तीन मुलांना तीन चिंध्या वाटून दिल्या आणि मोजणी अडकली, असे भातशेतीत वरचेवर होते.

जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर एक वेगळी सावधगिरी. खोती, म्हणजे खोतांचा गावावरचा सारावसुलीचा हक्क, १९४९ च्या कायद्याने गेली, पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळे मालक झाली आणि त्यांना कुळकायद्याच्या कलम ३२म ची खरेदी प्रमाणपत्रे मिळाली. अशा जमिनीच्या इतर हक्कांत "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा बसलेला असतो, म्हणजे ती परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. घरातल्या कायदेशीर वारसाला ती मृत्युपत्राने दिली तर सहसा अडत नाही. पण पुतण्याला, भाच्याला, सांभाळ करणाऱ्या परक्या माणसाला दिली तर अडते: सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये, गुजरातमधल्या एका प्रकरणात याच मुंबई कुळकायद्याचा अर्थ लावताना, बंधन असलेली जमीन मृत्युपत्राच्या वाटेनेही बाहेर जाऊ शकत नाही असे ठरवले. ज्यांना अशा कोणाला जमीन द्यायची आहे त्यांनी आधी ते बंधन रीतसर उठवून घ्यावे. देवस्थान इनामाची जमीन तर देता येतच नाही. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींसारखी, वैयक्तिक नावावर नसलेली जमीन कितीही पिढ्या कसलेली असली तरी मृत्युपत्रात "माझी" म्हणून लिहून काही साधत नाही.

तुमची १९९४ ची २० गुंठे मात्र निखळ स्वकष्टार्जित. ती कोणालाही द्या. फक्त मृत्युपत्रात एक वाक्य टाका, की ही जागा नोकरीच्या पगारातून घेतली, आणि त्या काळचे पासबुक किंवा फंडातून पैसे काढल्याचा कागद सोबत ठेवा. नाहीतर "भाताच्या आणि आंब्याच्या पैशांतून घेतली, म्हणजे एकत्र कुटुंबाची" असा दावा होतो. तो खोटा असला तरी दहा वर्षे खातो.

आता हापूसच्या कलमांकडे. ती लावली तुम्ही, जमीन सामाईक. झाडे लावल्याने जमीन तुमची होत नाही, पण वाटपात ज्याने बाग उभी केली त्याच्या वाट्याला तो तुकडा द्यावा हा आग्रह न्याय्य मानला जातो. म्हणून पुरावा साठवा: कलमांच्या खरेदीच्या पावत्या, फळबाग योजनेत लावली असतील तर ते मंजुरीपत्र, आणि सातबाऱ्याच्या पीक पाहणीत फळझाडांची नोंद. ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकऱ्याला स्वतःच करता येते, ती दरवर्षी करा.

बाग देताना जी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात ती म्हणजे झाडावरचे पीक. मालक जानेवारीत गेला, झाडावर मोहोर आहे, दोन फवारण्या झाल्यात, औषधवाल्याची उधारी आहे, पीक कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर आहे, आणि कदाचित बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन आगाऊ रक्कम घेतलेली आहे. या हंगामाचे पैसे कोणाचे आणि उधारी कोणाची? मृत्युपत्रात काहीच नसेल तर देणी सगळ्या मालमत्तेतून आधी भागवावी लागतात आणि पीक कोणाचे यावर तेराव्याच्या आत आवाज चढतात. दोन वाक्यांत काम होते: "माझ्या मृत्यूच्या वेळी झाडावर असलेले पीक बाग ज्यास दिली त्याचेच राहील. त्या हंगामाची खते, औषधे, मजुरी यांची देणी आणि बागेवरील पीक कर्ज त्यानेच फेडावे. घेतलेली आगाऊ रक्कम त्याच्या हिशेबात धरावी." वाटेवरचा हक्क आणि पाणीही लिहा. विहीर एका तुकड्यात आणि पंप दुसऱ्याच्या नावावर, पाइप तिसऱ्याच्या गडग्यातून, अशी रचना बाप जिवंत असेपर्यंतच चालते.

कोणाला किती, हा निर्णय तुमचा. तरी या धंद्यातले एक मत सांगतो: सगळ्यांना सगळ्यात तिसरा हिस्सा देणे हे दिसायला सर्वांत न्याय्य आणि वागायला सर्वांत वाईट. डोंबिवलीच्या मुलाला बागेत एक तृतीयांश दिला की प्रत्येक फवारणीचा खर्च आणि प्रत्येक पेटीचा भाव यावर वाद. जो कसतो त्याला बाग द्या, आणि इतरांना रोकड, ठेवी किंवा १९९४ ची जागा देऊन तोल साधा. पूर्ण सारखे होणार नाही. जिथे कोणाला कमी जाते तिथे कारण एका ओळीत, शांत भाषेत लिहा: "धाकट्याने २००८ पासून बाग सांभाळली व आमची शुश्रूषा केली, म्हणून." मुलीला कमी देताना "लग्नात खर्च केला" हे कारण सर्रास लिहितात. ते टाळा. मुलगी ते आयुष्यभर विसरत नाही, आणि कोर्टातही त्याने तुमची बाजू बळकट होत नाही. नैसर्गिक वारसाला कारणाविना वगळणे ही मृत्युपत्राबद्दल संशय वाढवणारी गोष्ट मानली जाते, मुलगीही त्यात आलीच.

मूळ घर. इथे मालकीपेक्षा गणपती मोठा. घर ज्या जमिनीवर उभे आहे ती बहुधा गावठाणात नसून सामाईक गटातच असते, आणि नमुना ८ वर अजून आजोबांचे नाव असते. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून दोन्ही लिहा: "घर क्रमांक अमुक याचे बांधकाम, पडवी, खळे, मांगर यांसह, आणि त्याखालील जमिनीतील माझा अविभक्त हिस्सा." तुमचे घर गावठाणात असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिचा क्रमांक घाला.

"घर कधीही विकू नये" असे वाक्य बहुतेकांना हवे असते. ते टिकत नाही. एखाद्याला पूर्ण मालकी दिलीत की विकण्यावरची कायमची बंदी त्या मालकीशी विसंगत ठरते. टिकते ते हे: मालकी एकाला, राहण्याचा ठरावीक हक्क इतरांना. "घराची मालकी धाकट्याची. थोरला मुलगा, मुलगी आणि त्यांची कुटुंबे यांना गणपतीचे दिवस आणि मे महिन्यातले तीस दिवस माजघर, पूर्वेकडची खोली व स्वयंपाकघर वापरण्याचा हक्क राहील." खोली नाव घेऊन लिहा. देवघर आणि घरचे देव कोणाकडे, गणपतीचा खर्च कसा, हेही लिहा. गावऱ्हाटीतला (गावच्या देवस्थानाच्या रूढ व्यवस्थेतला) मान, पाळी असले हक्क मात्र परंपरेने चालतात, ते मृत्युपत्राने वळवायला जाऊ नका.

आणि दुरुस्ती. कौले परतणे, वासे बदलणे, वाळवीचे औषध, घरपट्टी, वीजबिल हे मालकी घेणाऱ्याच्या एकट्याच्या गळ्यात पडले की तो बाकीच्यांना दार उघडेनासा होतो. यासाठी वेगळी ठेव बाजूला काढता येते. पाच लाखांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला पस्तीस हजार व्याज येते, तेवढ्यात पावसाळ्याआधीची डागडुजी निभावते. मोठे काम निघाले तर कोणी किती द्यायचे तेही ठरवून टाका.

पत्नीबाबत एक बारीक पण महागात पडणारी चूक. पहिल्या परिच्छेदात "घर पत्नीला दिले", चौथ्यात "तिच्यानंतर धाकट्याला". पूर्ण मालकी दिली की फक्त हयातीपुरती? दोन कलमे जुळेनाशी झाली तर शेवटचे कलम चालते असा मृत्युपत्राचा नियम आहे, पण तिथवर जायला कोर्ट लागते. हयातीपुरते द्यायचे तर स्पष्ट लिहा: "पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क, विक्री-गहाणाचा हक्क नाही, तिच्यानंतर पूर्ण मालकी धाकट्याची." इतके लिहूनही एक धोका उरतो: बायकोच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मिळकत हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ खाली तिची पूर्ण मालकीची ठरू शकते. १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून यावर कज्जे चालू आहेत. म्हणून तिच्या उदरनिर्वाहाची सोय ठेवींतून वेगळी करा आणि घराचा हक्क त्यात मिसळू नका. पत्नीने स्वतःचे मृत्युपत्र वेगळे करावे. नवरा-बायकोचे एकत्र मृत्युपत्र करू नका, एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही यावरच भांडण होते. आणि घरात अपत्य नसलेली विधवा काकू असेल तर तिला आधी मृत्युपत्र करायला सांगा: तिने न केल्यास तिची कमाई नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरच्यांकडे नाही.

परळच्या खोलीने अनेकांची फसगत होते. पागडी कितीही लाखांची असो, कायद्याने ती भाडेकरूचा हक्क आहे, आणि तो मृत्युपत्राने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत पंडित प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे राहत्या खोलीचा हक्क भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तुम्ही देवगडला, थोरला डोंबिवलीला आणि खोलीला कुलूप, ही स्थिती सर्वांत वाईट. मृत्युपत्रात खोली एकाच्या वाट्याला लावून त्याला बागेतून वगळू नका, कारण खोली हाती आली नाही तर तो पूर्ण बुडेल. इमारतीचा पुनर्विकास होऊन मालकीच्या सदनिकेचा करार झाला, तर ती सदनिका मात्र मृत्युपत्रात घालता येते. तोवर असे लिहा: "पुनर्विकासात मालकी हक्काची सदनिका वा मोबदला मिळाल्यास तो अमुकाचा."

ठेवी आणि विमा यांत सगळे नॉमिनीवर विसंबतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक मृत्युपत्राने किंवा वारसाने ठरतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच म्हटले. विम्यात २०१५ पासून आई-वडील, जोडीदार, मुले यांना नॉमिनी केले तर रक्कम त्यांचीच, एवढा अपवाद. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी लावता येतात. सोपा उपाय: मृत्युपत्रात ज्याला ठेव, त्यालाच नॉमिनी करा.

दागिन्यांत बायकोचे स्त्रीधन तुमचे नाही, ते तुमच्या मृत्युपत्रात आणूच नका. आईचे दागिने तिने तुम्हाला हयातीत दिले नसतील तर त्यांत तुमच्या भावा-बहिणींचाही वाटा आहे. जे खरोखर तुमचे ते सोनाराकडून वजन करून यादीत लिहा: "पाटल्या दोन, एकूण ४१ ग्रॅम." नुसते "चार तोळे" नको, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आताचा दहाचा. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांसाठी एवढेच, की होडी, इंजिन, जाळी ही जंगम मालमत्ता म्हणून देता येतात, पण नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना वारसाने मत्स्यव्यवसाय कार्यालयात आपल्या नावे करून घ्यावा लागतो. रापणीतला (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यातला) वाटा संघाच्या रिवाजाने चालतो.

आता प्रत्यक्ष कागद. मुद्रांक लागत नाही, साधा जाड कागद पुरे. मराठीतच लिहा. तुमचे नाव सातबाऱ्यावर "बाबी", आधारवर पूर्ण नाव आणि खरेदीखतात तिसरेच असेल तर तिन्ही "उर्फ" लावून लिहा. पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द, हे पहिल्याच परिच्छेदात. ज्याला दिले तो तुमच्याआधी गेला तर कोणाला, हे प्रत्येक दानासमोर लिहा. शेवटी "वर न लिहिलेली व पुढे मिळणारी सर्व मिळकत अमुकास" हे कलम हवेच, ते नसले की विसरलेला एक वरकसाचा तुकडा सगळ्या वारसांना पुन्हा तहसीलच्या दारात आणतो. व्यवस्था बघणारा निष्पादक नेमा. तो लाभार्थी असला तरी चालतो, पण गावात येणे-जाणे असलेला हवा.

प्रत्येक पानावर सही. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिले पाहिजे आणि त्यांनी तुमच्या समोर सही केली पाहिजे, कमीत कमी गरज एवढीच. साक्षीदार तुमच्यापेक्षा वीस-तीस वर्षांनी लहान आणि ठावठिकाणा राहणारे निवडा. पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना, साक्षीदार हयात असेल तर, दोघांपैकी निदान एकाला कोर्टात बोलवावेच लागते, आणि नोंदणी केलेली असली तरी यातून सुटका नाही. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. हिंदूंच्या मृत्युपत्रात त्याने दान रद्द होत नाही, पण संशय येतो. ख्रिस्ती कुटुंबांत मात्र ते दानच रद्द होते, आणि मृत्युपत्रानंतर लग्न केले तर अख्खे मृत्युपत्र रद्द होते. मुस्लिम कुटुंबांत कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच वसीयत चालते, वारसालाच जादा द्यायचे तर मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते.

अंगठा लावणाऱ्या वृद्ध आईचे मृत्युपत्र असेल तर तिला ते मालवणीत समजावून सांगितले आणि तिने ते मान्य केले, असे लिहून साक्षीदारांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या. त्याच दिवसाच्या तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्या मुलाला सगळे मिळणार तोच वकील ठरवतो, तोच गाडीने नेतो, तोच मजकूर सांगतो, हे चित्र कोर्टाला आवडत नाही. त्या दिवशी त्याला घरी ठेवा.

नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करा. शुल्क नाममात्र. राज्यातल्या सोयीच्या दुय्यम निबंधकाकडे जाता येते, मुदत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी विनंतीवरून निबंधक घरी येऊ शकतात. तुमच्या हयातीत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कोणालाही मिळत नाही, त्यामुळे गावात बोभाटा होण्याची भीती नको. त्याहून गुप्त हवे तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. नंतर बदलायचे तर पुरवणी तितक्याच रीतीने, दोन साक्षीदारांसह. सोपे म्हणजे नवेच करणे.

बक्षीसपत्राचा मोह होतो, कारण मुलाला शेतजमीन किंवा राहते घर द्यायला मुद्रांक २०० रुपये, अधिक स्थानिक उपकर. पण बक्षीस दिले की गेले. द्यायचेच तर सांभाळाची अट त्यातच लिहा, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते, म्हणून घर आणि बाग शक्यतो त्यातच ठेवा.

मूळ प्रत लॅमिनेट करू नका, सही-शाईची तपासणी करता येत नाही. कोकणच्या पावसात लाकडी पेटीत कसर लागते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात. एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको, तो उघडायलाच मृत्युपत्र लागायचे. कुठे ठेवले ते निष्पादकाला सांगा.

मृत्यूनंतर वारसाने मृत्युपत्राची नक्कल आणि मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीतूनही देता येतो. "वारसनोंद" असा अर्ज देऊ नये, "मृत्युपत्रानुसार नोंद" असा द्यावा. हा एक शब्द चुकला की सगळ्या वारसांची नावे लागतात आणि ती काढायला अपील करावे लागते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि निर्णय होईपर्यंत नोंद प्रमाणित होत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, मृत्युपत्र खरे की खोटे हा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मिळकतीसाठी हिंदूंना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचे कधी नव्हते. मुंबईतल्या मिळकतीसाठी होते, ती सक्ती करणारे भारतीय वारसा कायद्याचे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकले. वादाची चिन्हे असतील तर जिल्हा न्यायालयातून ते आपणहून घ्यावे, साक्षीदार हयात आणि आठवण ताजी असतानाच.